टोपडूची नदी

आमच्या घरच्या पह्यल्या टीव्हीले चित्र होतं, आवाज नव्हता. स्पीकर जळेल होता. बाबाचं म्हणणं असं, का बातम्या खाली लिहून येतेत, तुमाले वाचता येते, मंग ऐकाले कायले पाह्यजे? त्या मुक्या टीव्हीले एक दिवस टीव्हीगेम लागला, आन् घरातलं आवाजाचं खातं माह्याकडे आलं. टोपडूनं उडी मारली का मी म्हणो, 'टुडुक!' बत्तासा उचलला का 'चिंग!' खड्ड्यात गेला का 'प्याँऽऽव!' आई खेळे, मी तिच्या बाजूले मांडी घालून तोंडानं वाजवो. जेवताना बी वाजवो. मार बी त्याच्यासाठीच खाल्ला.

टोपडू म्हंजे गेममधला हिरो. ठेंगणा, गोल, डोक्यावर कानटोपी. आमच्याकडे लहान लेकरायले हिवाळ्यात टोपडं घालतेत, तसंच ते दिसे, म्हणून टोपडू. त्याचं खरं नाव कॅसेटवर लिहेल होतं, पण ते अशा लिपीत का मी ती कॅसेट शाळेत इंग्लिशच्या सरायले दाखवली तं त्यायनं ती सुलटी धरली, उलटी धरली, चष्मा काढून धरली, आन् मले म्हणाले, "हे अभ्यासक्रमात नाही." मंग गावानं जे नाव ठेवलं तेच खरं. टोपडू जे गोल गोल पिवळं गोळा करत जाये, त्याले आमी बत्तासे म्हणो. ज्या माश्या त्याच्या अंगावर येत, त्या गांधीलमाश्या. माशी चावली का टोपडूजवळचा एक बत्तासा टपकन खाली पडे. जवळ एकबी नसला आन् चावली, तं टोपडू खलास.

आमचा मळा वाशीमच्या कडेले. मेथी, पालक, वांगे, सांभार म्हंजे कोथिंबीर. आई सकाळी बाजारात भाजी घेऊन जाये, दुपारी रिकामी टोपली घेऊन ये. टीव्हीगेम तिच्यासाठी आणेलच नव्हता, माह्यासाठी होता. परीक्षा आली तं ती माह्या हातातला गेमचा वायरवाला रिमोट हिसकून कपाटात ठेवाले निघाली. हिसकता हिसकता तिचा अंगठा बटनावर पडला. टोपडूनं उडी मारली. आई थांबली. पुन्हा दाबलं. टोपडूनं पुन्हा उडी मारली.

"हे माह्यं ऐकते?" आई म्हणली.

"हाव."

"या घरात माह्यं ऐकणारं कोणीतरी हाय म्हंजे!"

मंग काय, परीक्षा माही आन् सराव तिचा. महिन्याभरात आई अशी तयार झाली का मोहल्ल्यातले पोट्टे खिडकीतून पाहाले येत. मी खेळलो तं पह्यल्याच खड्ड्यात प्याँव. आई बगीचा, विहीर, भुयार, ढग असं सगळं पार करत जाये, तेबी इकडे मेथीच्या जुड्या बांधता बांधता. एक जुडी बांधली का एक टप्पा.

आन् ढगाच्या पुढं होती नदी.

नदीच्या काठावर टोपडू आला का टीव्हीवरचं चित्र थिजे. टोपडूचा एक पाय वर, माशी हवेत, पाणी जागच्या जागी. बटनं दाबा, कॅसेट ठोका, एसटीच्या तिकिटाची घडी करून कॅसेटच्या फटीत खुपसा, काही नाही. पलीकडे पूल दिसे. पुलाच्या पलीकडे काळं.

हे आमच्याच घरी नाही, साऱ्या मोहल्ल्यात. कारण साऱ्यायच्या कॅसेटी एकाच पेटीतल्या. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे आमचे शेजारी चाचा, त्यायनं अकोल्याहून एकदम आणल्या होत्या. चाचाची दुकान पिठाच्या गिरणीच्या भिंतीले भिंत लावून. तिथं टीव्हीचा आवाज कधी कोणाले ऐकूच आला नाही. चाचाले स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून ते आजबी ओरडूनच बोलतेत. आमी तक्रार घेऊन गेलो का चाचा ओरडत, "माल एकदम असली है! खेळणारे कच्चे हायेत!"

आता दुकानदारच असं म्हणते, तं चूक आपलीच. मंग पोट्ट्यायनं तोडगे काढणं सुरू केलं. कोणी म्हणे, नदीपाशी टोपडूले खाली बसवा लागते. कोणी म्हणे, मागं पाहत उलटं चालत जाचं. एका बहाद्दरानं रिमोटले अगरबत्ती दाखवली, तं रिमोटचं वायरच वितळलं.

आईचा तोडगा वेगळा. तिचं माहेर पैनगंगेच्या पलीकडे, हिंगोलीकडे. एसटी पुलावर चढली का आई खिडकीतून हात बाहेर काढे आन् नदीत काहीतरी टाके. नाणं असलं तं नाणं, नाही तं साखरेचे दाणे, फुटाणे, एकदा तं माह्या हातातली अर्धी जिलबी. "नदीले काही न देता जाऊ नाही," असं तिचं. कंडक्टर ओरडे, "ओ बाई, हात आत!" आन् मी कंडक्टरचा आवाज काढून पुन्हा ओरडो, "ओ बाई, हात आत!" बायका हासत, कंडक्टर माह्याकडे पाहत राहे.

तं आईनं पाह्यलं का टोपडू तर सारे बत्तासे स्वतःच गोळा करून निघाला. नदीले काय? मंग ती काठावरचा शेवटचा बत्तासा उचलेच ना. त्याच्यावरून उडी मारून पुढं जाये. "हा नदीचा," म्हणे. आन् एक दिवस, खरं सांगतो, चित्र थिजाच्या आधी टोपडूचा एक पाय पुलाच्या पायरीवर पडला. एकच पाय. मंग थिजलं. आईनं माह्याकडे असं पाह्यलं का बस. त्याच्यानंतर तिले कोणी सांगूच शकत नव्हतं का कॅसेट खराब हाय. तिची एकच इच्छा. पुलाच्या पलीकडे काय हाय, ते एकदा पाहाचं.

मी मोठा झालो तसा टोपडूबी मोठा झाला. त्याचा दुसरा भाग मी सायबर कॅफेत पाह्यला, तिथं तो बदकावर बसून फिरे. तिसऱ्या भागात त्याले पंख आले. मंग एक भाग असा आला का तो पडद्याच्या आतपर्यंत चालत जाये, समोरून मागं, आन् मी खुर्चीवरून मान वाकडी करून पाहो, का कोपऱ्यावरून पलीकडचं दिसते काय. हरेक भागात चित्र चांगलं होत गेलं. पण हरेक भाग म्हंजे पुढची गोष्ट. पह्यल्या भागातल्या नदीच्या पलीकडे काय, ते विचारून राह्यलं तरी कोण?

मी विचारून राह्यलो. मोबाईल हातात आल्यावर रिकाम्या वेळी, आवाज बंद करून, खालचं लिहेल वाचत, हेच पाहो. त्याच्यातच एका व्हिडिओत मले ते कळलं, ज्याच्यानं माही झोप उडाली. पह्यला गेम ज्यायनं बनवला, त्यायच्याजवळ कॅसेटमधी जागाच नव्हती. इतकी कमी जागा का एक झाड बनवलं तं दुसऱ्या झाडाले जागा नाही. मंग त्यायनं काय केलं, चांदण्यायचं आकाश उलटं केलं, त्याले हालवलं, आन् नदी केली. म्हंजे आई ज्या नदीपाशी इतके वर्ष थांबून राह्यली, ते पाणी नव्हतंच. ते उलटं आभाळ होतं. पाण्यावर जे चमके ते तारे.

मी आईले सांगाले पळतच गेलो. ती वांग्याच्या वाफ्यात होती.

"माय, ती नदी म्हंजे आभाळ हाय! उलटं!"

आई म्हणली, "मंग? आपल्या विहिरीत काय दिसते?"

आन् खुरपं चालवत राह्यली. मी तिथंच वाफ्याच्या धुऱ्यावर बसलो. तिच्यासाठी ते काहीच नवल नव्हतं, आन् मले दोन्ही गोष्टीयचं, नदीचंबी आन् आईचंबी, नवल वाटून राह्यलं.

मंग टोपडूचा पह्यला रिमेक आला. तोच जुना गेम, नव्यानं काढेल, मोबाईलवर. मी लगेच आईले दाखवला. बगीचा होता, विहीर होती, ढग तं असे का फुंकर मारावं वाटे. ढगाच्या पुढं आलो, आन् धप्पकन एक किल्ला. मधी नदीच नाही. कोणाले वाटलं असल, लांबण कायले, काढून टाका.

"नदी कुठं गेली?" आईनं विचारलं.

"काढली माय त्यायनं."

"धरण बांधलं का काय?"

मी हासलो. ती नाही हासली. तिनं मोबाईल माह्या मांडीवर ठेवला आन् उठून गेली. त्याच्यानंतर टोपडूचं नाव घरात निघालं नाही. आईच्या अंगठ्याचा सांधाबी दुखाले लागला होता, जुड्या बांधून बांधून. मले वाटलं, राह्यलंच आता.

आन् आता हा दुसरा रिमेक आला. मी वाशीमलेच मोबाईलच्या दुकानात बसतो. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याची जाहिरात पाहत होतो. बगीचा. विहीर. भुयार. ढग. आन् ढगाच्या खाली, दूरवर, नदी. मी दुकानातच इतक्या जोरानं 'टुडुक' केलं का समोरचा चहावाला म्हणे, "काय बे, बेडूक गिळला काय?"

रविवारी जुना लॅपटॉप घरच्या टीव्हीले जोडला. हा टीव्ही नवा, याले तोंड हाय. आई नाही नाही म्हणत होती. "माह्या अंगठ्यानं होत नाही आता. तू खेळ, मी पाहीन." मी म्हणलं, "मी खेळलो तं पह्यल्याच खड्ड्यात प्याँव." तेवढ्यात चाचा वांगे न्याले आले. त्यायनं पडद्यावर टोपडू पाह्यला आन् ओरडले, "अरे! ये तो अपना माल है!" आन् खुर्ची ओढून बसले.

आईनं रिमोट धरला. टोपडूनं उडी मारली. सवयीनं माह्या तोंडून निघालं, "टुडु..."

"चूप," आई म्हणली. "मले ऐकू दे."

त्या गेमचा खरा आवाज आमी कोणीच कधी ऐकला नव्हता. आमच्या टीव्हीले स्पीकर नव्हता, चाचाच्या कानाशी गिरणी होती, दुसऱ्याच्या घरी माह्यंच तोंड चाले, आन् मोबाईलवर मी सारं आवाज बंद करूनच पाह्यलं. उडीचा आवाज टुडुक नव्हताच. तो असा होता, का खोल विहिरीत एक खडा टाकला आन् कान लावून बसलं, तं मंग जो येते तो. बत्तासा उचलला का चिंग नाही, पितळेच्या कासंडीले नख लागल्यावर वाजते तसं बारीक, लांब. आन् त्याच्या मागं संथ असं काहीतरी वाजून राह्यलं होतं, जसं कोणी काम करता करता गुणगुणते.

मी म्हंजे सगळ्यायच्या नकला करणारा. सर, कंडक्टर, तहसीलमधले साहेब, चाचा, सारे माह्या घशात हायेत. आन् जी माही सगळ्यात जुनी नक्कल, जिच्यावर मार खाल्ला, तिचं मूळ मी कधी ऐकलंच नव्हतं. मी कशाची नक्कल करून राह्यलो होतो?

आईनं माह्याकडे पाह्यलं. "तुह्यं टुडुकबी काही वाईट नव्हतं," म्हणली आन् पुढं गेली.

या रिमेकमधी एक बटन होतं. दाबलं का सारं जुनं होऊन जाये, चौकोनी, ठिगळाचं, तेच आपलं मुक्या टीव्हीवरचं. सोडलं का पुन्हा नवं. आईनं बगीच्यात उभं राहून ते बटन दाबलं. हिरवा ठोकळा. सोडलं. झाड, त्याले पानं, पानायले शिरा. दाबलं, ठोकळा. सोडलं, झाड. जिथं ठोकळा होता, बरोबर तिथंच झाड. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही. ज्यानं कोणी हे काढलं, त्यानं जुन्या गेमचा एकबी दगड हालू दिला नव्हता.

"हा माहा आंबा," आई म्हणली. त्या ठोकळ्याले ती पह्यल्यापासून आंबाच म्हणे. मंग जवळ जाऊन पाह्यलं. "पानं तं आंब्याची नाहीत."

"भाभी, परदेशी है," चाचा म्हणाले. "उनको आंबा क्या मालूम."

"मंग शेंडा कसा बरोबर काढला?"

आन् ती टोपडूले घेऊन विहिरीकडे निघाली.

विहीर झाली, भुयार झालं. अंगठा दुखला का आई रिमोट मांडीवर ठेवून हात झटके, पुन्हा घे. मी नको म्हणलं तं म्हणे, "तू नदी आली का सांग." जसं काही तिलेच माहीत नव्हतं.

नदी आली. आन् ती नदी पाहून चाचाचाबी आवाज खाली आला. पाणी सावळं, लांबच लांब, आन् त्याच्यात सारे तारे. दिवसाची वेळ, वर ऊन, आन् पाण्यात तारे. नव्या लोकायनंबी ते आभाळ ठेवलं होतं. काढता आलं असतं, जागा आता पाह्यजे तेवढी होती. पण ठेवलं.

चित्र थिजलं नाही. माशी फिरत होती, पाणी हालत होतं. आईनं सवयीनं काठावरच्या बत्ताशावरून उडी मारली आन् पुलापाशी गेली. पूल वर उचलेल होता. दाराच्या फळीसारखा उभा.

आमी थांबलो. काहीच होईना. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली. मी वाचली, आन् मले वाटलं वाचलीच नसती तं बरं.

"काय म्हणते?"

"सारे बत्तासे घेतल्याशिवाय पूल खाली येत नाही, माय. एकबी सोडाचा नाही."

आई त्या उभ्या पुलाकडे पाहत राह्यली. "मंग नदीले काय द्याचं?"

"काही नाही. हा गेम हाय."

"गेम हाय तं काय झालं? नदी हाय का नाही?"

मी चाचाकडे पाह्यलं. चाचा गुडघ्यावर हात ठेवून पुढं वाकले. "भाभी, आज जाने दो. वापस येते वेळी द्या."

"वापस येता येत नाही यात. एकदाच जाचं हाय."

आता मी हासाले पाह्यजे होतं, माही तीच सवय. पण तिचं तोंड पाहून हासू आलं नाही. ज्याच्यासाठी इतके वर्ष थांबली, ते समोर होतं, आन् तिच्या नेमानंच ते अडलं होतं. मी हळूच म्हणलं, "मी खेळू काय तेवढं? तू डोळे मीट."

"कायले मिटू? पाहाले तं बसली मी."

तिनं रिमोट घेतला. टोपडू मागं वळला. काठावरचा बत्तासा उचलला. कासंडीले नख लागलं. पूल कुरकुरत खाली यायले लागला, आन् नदीवर आडवा झाला.

आई पुलावर चढली. अर्ध्यावर गेली आन् थांबली. समोरून गांधीलमाशी येऊन राह्यली होती.

"उडी मार!" मी ओरडलो.

मारली नाही.

"भाभी, माशी!" चाचा ओरडले. त्यायचा आवाज परत आला होता.

आई तशीच उभी. माशी आली, चावली. टोपडू कळवळला, आन् त्याच्याजवळचा एक बत्तासा उडाला, पुलाच्या कठड्यावरून पलीकडे गेला आन् खाली पाण्यात पडला.

"हं," आई म्हणली. "झालं."

पाण्यावर तरंग उठले होते. जिथं बत्तासा पडला, तिथून गोल गोल, एकातून एक, काठापर्यंत. तारे हालले, फुटले, आन् हळूहळू पुन्हा जागेवर आले. मी तो गेम आतून-बाहेरून पाहेल हाय, व्हिडिओ पाहेल हाय, पण हे कोणी दाखवलं नव्हतं. पुलावर उभं राहून मुद्दाम माशी चावून घेणारं माणूस दुनियेत किती असल? तरीबी कुठंतरी, कोणत्यातरी टेबलावर बसून, कोणीतरी ते तरंग काढले होते. तारा कसा फुटल आन् कसा परत जुळल, ते काढलं होतं. कोणासाठी? मी आईकडे पाह्यलं. ती पाण्याकडे पाहून राह्यली होती, जशी एसटीच्या खिडकीतून पाहते.

मंग ती पलीकडे गेली.

पलीकडे काळं नव्हतं. पांढरं होतं. जमीन पांढरी, झाडं पांढरी, वरून बी पांढरं पडून राह्यलेलं.

"कापूस?" आईनं विचारलं.

"बर्फ असल माय."

तिनं टोपडूचं एक पाऊल टाकलं, आन् टोपडू घसरला. थांबवला तं थांबेना. घसरत घसरत सरळ दरीत. पुन्हा काठावरून सुरू. पुन्हा घसरला. बगीचा, भुयार, ढग, जे काही तिच्या अंगठ्यात मुरेल होतं, ते इथं काहीच कामाचं नव्हतं. पडद्यावर नकाशा आला. आमी आतापर्यंत जेवढं चाललो होतो, तेवढी एक बारीक रेघ. नदीच्या पुढं डोंगर, डोंगराच्या पुढं आणखी काही, मंग समुद्र, आन् समुद्राच्या पुढं नकाशा संपला होता, रेघ नाही.

चाचा खुर्चीवरून उठून टीव्हीजवळ गेले. "इतना सब उस एक कॅसेट में था?" हळूच म्हणाले. मी त्यायले इतक्या हळू बोलताना पह्यल्यांदाच ऐकलं.

आई नकाशाच्या रेघेकडे पाहत बसली. मले वाटलं तिले वाईट वाटून राह्यलं, का ज्याले शेवट समजून बसली तो शेवट नव्हताच.

"म्हंजे मी अजून अंगणातच होती," ती म्हणली. आन् तिच्या तोंडावर जे होतं ते वाईट वाटणं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी, हातातल्या बटनानं टोपडू पह्यल्यांदा उडाला, तवाबी तिचे डोळे इतके मोठे झाले नव्हते.

"इथं कसं चालतेत बे?" तिनं मले विचारलं.

"मले काय माहीत? मीबी आत्ताच आलो."

चाचा खाली सतरंजीवरच बसले, वांग्याची पिशवी बाजूले सारून. आईनं अंगठा एकदा चोळला. टोपडू बर्फाच्या कडेले उभा होता, त्याच्या तोंडातून वाफ निघून राह्यली होती.

"कोणी घाई करू नका मले," आई म्हणली, आन् त्याचा एक पाय एकदम हळूच पुढं टाकला.